मातीचा श्वास

प्रस्तावना

घरापुढील हिरवळ ही घराची शोभा असते. सकाळच्या दवात भिजलेल्या हरळीवर अनवाणी चालण्याचा आनंद अनेकांनी घेतलेला असतो. परंतु काही वर्षांनी हीच हिरवळ विरळ होऊ लागते. पाणी दिले तर ते वरच साचते, खत घातले तरी गवत पिवळेच राहते. अशा वेळी दोष गवताला किंवा माळ्याला दिला जातो. खरे कारण मात्र पुष्कळदा पायांखालच्या मातीत दडलेले असते. घट्ट झालेली माती मोकळी करण्याचे उपाय अनेक आहेत. त्यांतून आपल्या जागेला योग्य असा उपाय कसा निवडावा, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.

उद्दिष्टे

या पाठाचा अभ्यास केल्यानंतर तुम्हांला
• मुळांना हवेची गरज का असते, हे सांगता येईल;
• हिरवळीची माती घट्ट होण्याची कारणे ओळखता येतील;
• माती मोकळी करण्याच्या निरनिराळ्या उपायांची तुलना करता येईल;
• श्रम, खर्च आणि ऋतू यांचा विचार करून निर्णय घेता येईल.

मूलपाठ

मातीलाही हवा हवी

माती म्हणजे केवळ कणांचा ढीग नव्हे. चांगल्या मातीच्या एकूण आकारमानाचा जवळजवळ निम्मा भाग कणांमधील पोकळ्यांनी व्यापलेला असतो. लहान पोकळ्यांत पाणी धरून ठेवले जाते, तर मोठ्या पोकळ्यांतून हवा खेळते. मुळे सजीव असतात. ती प्राणवायू घेतात आणि कर्बवायू बाहेर सोडतात. ही देवाणघेवाण मोठ्या पोकळ्यांतूनच होते.

माती दाबली गेली की सर्वांत आधी या मोठ्या पोकळ्या मिटतात. मग पाणी खाली मुरत नाही, मुळे खोल जात नाहीत आणि वरच्या थरातच गुंतून राहतात. अशा गवताला थोडे ऊनही सोसत नाही.

शेतकरी दरवर्षी जमीन नांगरतो, पिकाच्या ओळींमधून कोळपे फिरवतो. त्यामुळे मातीत हवा शिरते. हिरवळीच्या वाट्याला हे भाग्य येत नाही. तिथे गवत कायमचे असते, नांगर कधी चालत नाही. चालतात ती माणसांची पावले. मुलांचे खेळ, फाटकापासून ओसरीपर्यंतची रोजची वाट, खुर्च्यांचे पाय आणि जमीन सपाट करण्यासाठी फिरवलेला जड रूळ या सर्वांचा भार ती वर्षानुवर्षे सोसते.

काळ्या मातीची गोष्ट तर आणखी वेगळी आहे. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते. या भेगांतून तिची आपोआप उलथापालथ होते, म्हणून ती स्वतःच स्वतःला नांगरते असे म्हणतात. परंतु हिरवळीला रोज पाणी दिले जाते. माती वाळत नाही, भेगा पडत नाहीत आणि ओल्या मातीवरच पावले पडत राहतात. ओली माती कोरड्या मातीपेक्षा सहज दाबली जाते. मायेने दिलेले रोजचे पाणीच अशा प्रकारे मातीचा श्वास कोंडते.

एक उदाहरण

पुण्यातील एका निवृत्त शिक्षिकेच्या घरापुढे सहा मीटर रुंद आणि आठ मीटर लांब हिरवळ आहे, अशी कल्पना करू. जमीन काळी आहे. हिरवळ मध्यभागी विरळ झाली आहे. बाईंनी आणखी एक खताचे पोते आणायचे ठरवले. वयस्कर माळीबुवांनी त्यांना थांबवले.

“बाई, खत घालून काय व्हायचं? ते वरच राहतंय. मातीचा जीव गुदमरलाय, तिला आधी मोकळी करू.”

“पण माळीबुवा, कशी करायची? दुकानात तर खिळ्यांचे बूट मिळतात, यंत्र मिळतं, बाटलीतलं औषधही मिळतं. यांतलं घ्यायचं तरी काय?”

“ते मग बघू, बाई. आधी दुखणं कुठं आहे ते तपासू.”

माळीबुवांचे हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. उपाय निवडण्यापूर्वी कारण शोधले पाहिजे.

आधी परीक्षा, मग उपाय

हिरवळीला पाणी दिल्यानंतर एक-दोन दिवसांनी एक लांब पेचकस मातीत हाताने दाबून पाहावा. तो सहज आत गेला तर माती घट्ट नाही; मग गवत विरळ होण्याचे कारण झाडाची सावली, कीड किंवा दुसरे काही असू शकते. पेचकस वरच अडला तर माती दाबली गेली आहे असे समजावे. थोडा आत जाऊन खणकन वाजला तर खाली विटांचे तुकडे किंवा खडी असण्याची शक्यता असते. नव्या घरांभोवती बांधकामाच्या राड्यारोड्यावर मातीचा पातळ थर पसरून हिरवळ लावलेली आढळते. तिथे छिद्रे पाडून उपयोग नाही. राडारोडा काढून नवी माती भरणे हाच इलाज होय.

यानंतर कुदळीने गवतासह मातीचा लहानसा चौकोन कापून बाजूने पाहावा. गवत आणि माती यांच्यामध्ये वाळक्या काड्यांचा एक सेंटिमीटरपेक्षा अधिक जाड थर असेल, तर प्रथम दाताळ्याने तो विंचरून काढावा. पाहून झाल्यावर चौकोन पुन्हा जागच्या जागी बसवावा.

उपायांची तुलना

खिळ्यांचे बूट किंवा खिळ्यांचा रूळ हा सर्वांत सोपा वाटणारा मार्ग आहे. परंतु खिळा माती बाहेर काढत नाही. तो तिला बाजूला ढकलतो. छिद्राभोवतीची माती त्यामुळे उलट अधिक दाबली जाते. त्यात चालणाऱ्याच्या वजनाचीही भर पडते.

चार दातांचा बागकामाचा काटा याहून बरा. तो आठ-दहा सेंटिमीटर आत रोवून किंचित मागेपुढे हलवला की माती थोडी उचलली जाते आणि तिला तडे जातात. अवजार स्वस्त आहे, घरोघरी असते. थोड्या घट्ट झालेल्या जागेला तेवढे पुरते.

पोकळ नळ्यांचे अवजार मातीची लहान गुंडाळी कापून बाहेर काढते. त्यामुळे जमिनीत खरीखुरी रिकामी जागा निर्माण होते आणि भोवतालच्या मातीला पसरायला वाव मिळतो. फार घट्ट झालेल्या जमिनीसाठी हाच उपाय परिणामकारक ठरतो. खेळांच्या मोठ्या मैदानांवर हे काम यंत्राने केले जाते. घरी हाताचे, दोन नळ्यांचे अवजार चालते.

बाटलीतील द्रावणांपैकी काही साबणासारखी असतात. कोरड्या जमिनीवर पाणी पसरायला ती मदत करतात, परंतु दाबलेल्या मातीत नवी पोकळी घडवत नाहीत. जिप्समचेही तसेच आहे. उत्तर भारतातील काही भागांत आढळणाऱ्या ऊसर म्हणजे सोडियमयुक्त जमिनींना ते उपकारक असते. केवळ पावलांनी दबलेल्या मातीला नाही. चिकण मातीत मूठभर वाळू मिसळून ती मोकळी होते, हाही गैरसमज आहे.

राहिले गांडूळ. चार्ल्स डार्विन यांनी 1881 मध्ये गांडुळांच्या कार्यावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. इंग्लंडच्या अनेक भागांत एका एकर जमिनीतील गांडुळे वर्षाला दहा टनांहून अधिक माती वर आणतात, असा त्यांचा अंदाज होता. चाळलेले कुजलेले खत हिरवळीवर पातळ पसरले की गांडुळांना खाद्य मिळते. हे काम संथ असते, पण टिकाऊ असते.

श्रमांचा हिशेब

दहा सेंटिमीटर अंतरावर छिद्रे पाडली तर एका चौरस मीटरमध्ये 100 छिद्रे बसतात. बाईंची हिरवळ 48 चौरस मीटरची, म्हणजे 4,800 छिद्रे झाली. दोन नळ्यांचे अवजार वापरले तर 2,400 वेळा पाय देऊन ते जमिनीत दाबावे लागेल. नळी दीड सेंटिमीटर व्यासाची असेल, तर एवढे करूनही पृष्ठभागाचा दोन टक्क्यांपेक्षा कमी भाग खुला होतो.

या आकड्यांतून दोन गोष्टी लक्षात येतात. एका फेरीने चमत्कार होत नाही. घट्ट जागी फेऱ्या पुन्हा कराव्या लागतात. दुसरे म्हणजे, उपायाची किंमत केवळ रुपयांत मोजून चालत नाही. वृद्ध माळ्याच्या गुडघ्यांवर आणि कमरेवर येणारा भारही त्या किमतीत धरला पाहिजे.

वाफसा

शेतकऱ्यांच्या बोलीत ‘वाफसा’ हा एक नेमका शब्द आहे. मातीत ओल आणि हवा यांचा मेळ बसून ती मशागतीला योग्य होते, त्या स्थितीला वाफसा म्हणतात. मूठभर मातीचा गोळा करून कमरेच्या उंचीवरून खाली टाकावा. तो फुटून मोकळा झाला तर वाफसा आहे. गोळा चिकटून राहिला तर माती फार ओली आहे. अशा वेळी अवजार घातले तर छिद्राच्या भिंती लिंपल्या जातात. गोळा होतच नसेल तर माती फार कोरडी आहे.

हरळी उष्ण हवेत जोमाने वाढते. म्हणून महाराष्ट्रात पावसाच्या सुरुवातीला, उघडीप मिळून वाफसा येताच हे काम करावे. उत्तर भारतात थंडीत हरळी सुप्त असते. तिथे ती पुन्हा हिरवी होऊन वाढीला लागेपर्यंत थांबावे. काम सुरू करण्यापूर्वी जमिनीखालील पाण्याच्या नळ्या आणि विजेच्या तारा कुठून गेल्या आहेत, हे पाहून तिथे खुणा कराव्यात.

बाईंचा निर्णय

पेचकसाने सगळी हिरवळ तपासल्यावर असे आढळले, की फाटकापासून ओसरीपर्यंतचा दहा चौरस मीटरचा पट्टाच फार घट्ट आहे. बाकीची जमीन साधारण बरी आहे. बाईंनी त्या पट्ट्यापुरते पोकळ नळ्यांचे अवजार वापरायचे ठरवले. 2,400 ऐवजी 500 वेळा दाबणे आले; तेही चार संध्याकाळी वाटून, दोघांनी आळीपाळीने. बाहेर आलेल्या मातीच्या गुंडाळ्या वाळल्यावर चुरून तिथेच पसरायच्या आणि वर कुजलेले खत घालायचे. उरलेल्या जागेसाठी काटा पुरेसा होता.

शेवटी माळीबुवांनी सुचवले, “बाई, येण्याजाण्याच्या वाटेवर चार फरशा बसवू. नाहीतर पुढच्या वर्षी हेच करत बसावं लागेल.”

रोजचे पाणी बंद करून, माती सुकू लागली म्हणजेच भरपूर पाणी द्यावे, असेही ठरले. घट्ट माती मोकळी करणे हा उपचार झाला; ती पुन्हा घट्ट होऊ न देणे हे खरे आरोग्य होय.

पाठगत प्रश्न

कंसाविना दिलेल्या पर्यायांतून योग्य शब्द निवडून रिकाम्या जागा भरा.
1. माती दाबली गेली की प्रथम ______ पोकळ्या मिटतात. लहान / मोठ्या
2. खिळा मातीला ______. बाहेर काढतो / बाजूला ढकलतो
3. मशागतीला योग्य अशा मातीच्या स्थितीला ______ म्हणतात. वाफसा / ऊसर

तुम्ही काय शिकलात?

• मुळांच्या श्वसनासाठी मातीत हवा खेळती राहणे आवश्यक असते.
• उपाय निवडण्यापूर्वी मातीची परीक्षा करून कारण शोधावे.
• फार घट्ट जमिनीसाठी पोकळ नळ्यांचे अवजार, साधारण जमिनीसाठी काटा योग्य ठरतो.
• वाफसा असताना आणि गवत वाढीला लागले असतानाच काम करावे.
• मूळ कारण दूर केले नाही तर उपाय टिकत नाही.

शब्दार्थ

हरळी – दूर्वा, हिरवळीसाठी वापरले जाणारे गवत
कोळपे – पिकाच्या ओळींमधील माती मोकळी करण्याचे अवजार
राडारोडा – बांधकामातील टाकाऊ विटा, खडी इत्यादी
उघडीप – पावसाने घेतलेली विश्रांती
दाताळे – दात असलेले बागकामाचे अवजार

पाठान्त प्रश्न

1. रोज दिलेले पाणी काळ्या मातीतील हिरवळीला अपायकारक का ठरते, ते स्पष्ट करा.
2. खिळ्यांचा रूळ आणि पोकळ नळ्यांचे अवजार यांची तुलना करा.
3. ‘उपायाची किंमत केवळ रुपयांत मोजून चालत नाही.’ या विधानाविषयी तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.
4. तुमच्या परिसरातील बाग, मैदान किंवा अंगणातील मातीचे पेचकसाने परीक्षण करा आणि आढळलेल्या गोष्टी आपल्या शब्दांत मांडा.

पाठगत प्रश्नांची उत्तरे

1. मोठ्या 2. बाजूला ढकलतो 3. वाफसा