निरोपालाही वाफसा लागतो



पाऊस पडला म्हणून लगेच कोणी रानात औत घालत नाही. बियाणे घरात तयार असते, अवजारे नीट करून ठेवलेली असतात, पण रान वाफशावर येईपर्यंत आपण थांबतो. निरोपाचेही तसेच आहे. सुचला तेव्हा तो लिहून ठेवावा, पण समोरच्याच्या हाती तो त्याच्या कामाच्या वेळी पडावा. मोबाईलवर आता ही सोय आहे. निरोप आज लिहायचा, तारीख-वेळ ठरवून द्यायची, म्हणजे तो त्या वेळी आपोआप जातो. या अंकात शेतकी खात्यातर्फे आम्ही तिचीच माहिती देत आहोत.

ही सोय कशाला हवी?

गळीत हंगामात गट कार्यालय, चिटबॉय, मुकादम, वाहतूकदार आणि सभासद यांचे बरेचसे बोलणे आता मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये चालते. ज्या फिडरवर अजून रात्रीची पाळी आहे तिथला सभासद रात्री दीड वाजता दारे धरत बसलेला असतो. तेवढ्यात त्याला आठवण येते, आणि तो लिहितो, "साहेब, आमच्या प्लॉटची नोंद बघा." त्याची काही चूक नाही, त्याला सवड तेव्हाच मिळते. पण पहाटे फडावर जायचा चिटबॉय त्या वेळी झोपलेला असतो. उशाशी फोन वाजला की तो दचकून उठतो. झोपेत निरोप वाचतो, सकाळपर्यंत विसरतो. त्यानंतर आणखी चाळीस निरोप येऊन पडतात आणि पहिला खाली जातो. म्हणजे झोप गेली ती गेलीच, आणि काम काही झाले नाही.

दुसरी बाजू पनवेलची. आपल्या कितीतरी घरांतील मुले तळोजा औद्योगिक वसाहत, कळंबोलीचा लोखंड बाजार, न्हावा-शेवा बंदर या भागात कामाला आहेत आणि पनवेल, कामोठे, खारघर इथे राहतात. काहींच्या नावावर इथे ऊसही आहे. त्यांची नोकरी पाळीची. रात्रपाळी करून पोरगा सकाळी झोपतो, तेव्हा इकडून वडिलांचे निरोप सुरू होतात. उलट, पोराला रात्री दोन वाजता आठवते की बँकेचे कागद द्यायचे राहिलेत, आणि तो तेव्हाच गावी निरोप टाकतो. अपरात्री फोन वाजला की म्हाताऱ्या माणसाच्या मनात आधी वाईटच येते. दोघांचीही मनधरणी करणारा उपाय म्हणजे वेळ ठरवून पाठवलेला निरोप.

ही नुसती भलेपणाची बाब राहिलेली नाही. कामाची वेळ संपल्यावर नोकरमाणसाला फोनपासून मोकळीक असावी, असा कायदा फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी याच विषयावर डिसेंबर २०१८ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले. कायद्याचे काय व्हायचे ते होईल. आपल्या ग्रुपची शिस्त मात्र आपल्याच हातात आहे.

कसे करावे?

कंपन्यांतून स्लॅक व टीम्स ही ॲप वापरतात. पनवेलकडच्या मुलांना ती ठाऊक आहेत, घरी कोणी आले तर समोर बसून शिकून घ्यावे. टेलिग्राममध्ये ही सोय २०१९ साली आली, जीमेलमध्येही त्याच वर्षी. साध्या एसएमएससाठी गुगलचे मेसेजेस ॲप असेल तर त्यातही ती आहे.

रीत जवळजवळ सगळीकडे एकच. निरोप लिहावा, आणि पाठवायच्या बाणावर नुसते टिचकी न मारता बोट दाबून धरावे. तारीख आणि वेळ विचारली जाते, ती भरावी. जीमेलमध्ये मात्र वरच्या कोपऱ्यातील तीन ठिपक्यांवर ही सोय सापडते. वेळ भरताना सकाळचे सहा की संध्याकाळचे सहा, हे दोनदा पाहावे.

एक फरक लक्षात ठेवावा. स्लॅक, टीम्स, टेलिग्राम यांत थांबलेला निरोप कंपनीच्या यंत्रावर असतो, त्यामुळे तुमचा फोन बंद पडला तरी तो जातो. एसएमएस मात्र तुमच्याच फोनमध्ये थांबतो. फोन बंद असेल किंवा रानात रेंज नसेल तर तोही अडकतो.

व्हॉट्सॲपच्या बिझनेस प्रकारात, ठरलेल्या वेळेत कोणी निरोप पाठवला तर आपोआप उत्तर जाते. 'सकाळी सात वाजता पाहतो' असे उत्तर गट कार्यालयाने रात्रीसाठी लावून ठेवले, तर सभासदालाही बरे वाटते. पण हे उत्तर झाले, थांबवलेला निरोप नव्हे. दोन्हींत गल्लत करू नये.

कुठे वापरावे, कुठे नाही?

या लेखातला खरा मुद्दा हाच आहे. जे ठरलेले आहे ते वेळ लावून पाठवावे. जे बदलू शकते ते पाठवू नये.

उदाहरण घेऊ. १ ऑगस्टची आडसाली लागण आहे. नत्राचा १० टक्के हप्ता लागणीला दिला. दुसरा ४० टक्के हप्ता ६ ते ८ आठवड्यांनी, तिसरा १० टक्के १२ ते १६ आठवड्यांनी द्यायचा. म्हणजे दुसरा सप्टेंबरच्या उत्तरार्धात आणि तिसरा नोव्हेंबरच्या सुरुवातीला बसतो. या तारखा लागणीच्या दिवशीच ठरतात. तेव्हा त्याच दिवशी दोन निरोप स्वतःलाच किंवा घरच्याला लावून ठेवावेत. उरलेला ४० टक्के हप्ता मोठ्या बांधणीला. बांधणी मात्र पीक पाहून करायची असते, म्हणून तिथे 'खत टाका' असे न लिहिता 'प्लॉट पाहून या' एवढेच लिहावे. स्लॅकमध्ये १२० दिवसांच्या पुढची वेळ लावता येत नाही, हेही ध्यानात असावे.

आता उलटे उदाहरण. समजा, संध्याकाळी सहा वाजता टोळीचा कार्यक्रम ठरला आणि पहाटे पाचला जाईल असा निरोप लावला, "आज अमुक फडात कोयता घाला." रात्री अकराला अवकाळी पाऊस आला. वाट चिखलली, ट्रॅक्टर आत जाणार नाही. लावणारा झोपला, निरोप मात्र पाचला बरोबर गेला. टोळीने ऊस पाडला आणि तो फडात पडून राहिला. तुटलेला ऊस २४ तासांच्या आत गाळपाला गेला पाहिजे, हे आपण जाणता. पुढे वजन घटते, साखरेचे विघटन होऊन उतारा पडतो. वजनाचा तोटा सभासदाचा आणि उताऱ्याचा सगळ्यांचा. म्हणून तोडणीचा निरोप वेळ लावून पाठवू नये. ज्याच्या हातात कार्यक्रम आहे त्याने आभाळ आणि वाट पाहून, त्या क्षणी, स्वतः द्यावा.

सभासदांनी पाळावयाच्या गोष्टी:

१. निरोपात 'आज', 'उद्या' लिहू नये. सोमवारी लिहिलेला 'उद्या' मंगळवारी पोचला की बुधवार होतो. वार आणि तारीख लिहावी.

२. शेवटी 'काल रात्री लिहिले आहे' एवढे जोडावे. नाहीतर वाचणाऱ्याला वाटते माणूस जागा आहे, आणि तो लगेच उत्तराची वाट पाहत बसतो.

३. झोपण्यापूर्वी थांबलेल्या निरोपांवर एक नजर टाकावी. बेत बदलला असेल तर निरोप काढून टाकावा किंवा दुरुस्त करावा. जाईपर्यंत तो आपल्या हातात असतो, गेल्यावर नाही.

४. पाळीवर असलेल्या मुलाची पाळी घरात कॅलेंडरवर लिहून ठेवावी आणि त्याप्रमाणे वेळ लावावी.

५. उसाला आग लागली, गाडी उलटली, कोणी आजारी पडले, तर निरोप लिहीत बसू नये. रात्रीचे कितीही वाजले असोत, सरळ फोन करावा. दुसऱ्याची झोप राखायची ती अशाच वेळी त्याला उठवता यावे म्हणून. रोज अपरात्री वाजणाऱ्या फोनकडे माणूस दुर्लक्ष करू लागतो, आणि ज्या रात्री खरोखर फड पेटलेला असतो त्या रात्रीही तो कूस बदलून झोपतो.

या बाबतीत काही अडचण आल्यास आपल्या गट कार्यालयात कामाच्या वेळेत फोन घेऊन यावे, म्हणजे प्रत्यक्ष करून दाखवता येईल.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते