डोमिसाईल, अमेरिकन स्टाईल

'डोमिसाईल' हा शब्द ऐकला की आपल्याला काय काय आठवतं! महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचे पुरावे, झेरॉक्सचे गठ्ठे आणि "उद्या या" म्हणणारी खिडकी. मला वाटायचं, ही भानगड फक्त आपल्याकडेच. पण २०२३ मध्ये ॲरिझोनात राहणारी माझी मावसबहीण बारावीत गेली आणि तिला शेजारच्या कॅलिफोर्नियातल्या सरकारी विद्यापीठात जायचं होतं. आमचे रात्रीचे साडेनऊ म्हणजे तिकडे सकाळचे नऊ. मेसमधून आलो की हॉस्टेलच्या गच्चीवरून आमची चर्चा चालायची.

प्रश्न फीचा होता. मी ऐटीत सांगून टाकलं, "अगं, पहिल्या वर्षी भर जास्त फी. एक वर्ष तिथे राहिलीस की तू तिथलीच. मग फी कमी!" मावशी-काकांच्या ओळखीतही असंच बोललं जायचं. त्यामुळे कोणी खोलात गेलंच नाही.

मुळात फरक का?

आपल्या एनआयटीत निम्म्या जागा होम स्टेटच्या असतात आणि बारावी ज्या राज्यातून झाली ते तुमचं होम स्टेट. पण फी मात्र राज्य बघून बदलत नाही, कारण एनआयटी केंद्राच्या पैशावर चालते. अमेरिकेत सरकारी विद्यापीठं राज्यांची आहेत. राज्यातले लोक टॅक्स भरतात, म्हणून त्यांच्या मुलांना फी कमी. बाहेरच्यांना ती सवलत नाही.

जागांचंही तसंच. नॉर्थ कॅरोलिनाने १९८६ मध्ये आपल्या सरकारी विद्यापीठांत बाहेरच्या राज्यातल्या नव्या विद्यार्थ्यांवर १८ टक्क्यांची मर्यादा घातली. टेक्सासमध्ये १९९७ च्या कायद्याने शाळेत वरच्या १० टक्क्यांत येणाऱ्यांना थेट प्रवेश मिळू लागला, पण तो टेक्सासमधल्या शाळांच्या मुलांना. कॅलिफोर्निया विद्यापीठानेही २०१७ मध्ये बाहेरच्यांसाठी मर्यादा ठरवली.

अर्ज कसा असतो?

कॅलिफोर्निया विद्यापीठाचे पदवीचे ९ कॅम्पस आहेत. अर्ज एकच, पण जितके कॅम्पस निवडाल तितक्यांदा अर्जाची फी. ठरावीक विषयांचे १५ वार्षिक कोर्स लागतात आणि त्यातले ११ शेवटच्या वर्षाआधीच पूर्ण हवेत. म्हणजे तयारी नववीपासूनच! राज्यातल्या मुलाला किमान ३.० जीपीए चालतो, बाहेरच्याला ३.४ लागतो. सॅटचे मार्क प्रवेशासाठी बघतच नाहीत. त्याऐवजी ८ प्रश्नांपैकी ४ निवडून प्रत्येकी जास्तीत जास्त ३५० शब्दांत स्वतःबद्दल लिहायचं. बहिणीने ती उत्तरं सहा वेळा लिहून काढली. मी चार वेळा वाचली.

आणि मग मार्च उजाडला

मार्च २०२४ मध्ये तिला सॅन दिएगो कॅम्पसला प्रवेश मिळाला. फोनवर नुसता आरडाओरडा! दोन दिवसांनी मावशीने हळूच विचारलं, "तू म्हणाला होतास ना रे, एक वर्षानंतर फी कमी होते? तसं धरूनच आम्ही हिशोब केलाय."

त्या रात्री मी पहिल्यांदा नियम नीट वाचला आणि पोटात गोळा आला. तिथे ३६६ दिवस राहावं लागतं हे खरं, पण शिकण्यासाठी राहिलेले दिवस पुरत नाहीत, कायम तिथेच राहण्याचा इरादा दाखवावा लागतो. आणि २४ वर्षांखालच्या मुलाचे आईवडील दुसऱ्या राज्यात राहत असतील, तर काही अपवाद सोडता तो बाहेरचाच धरला जातो. म्हणजे बारावी कुठून झाली यापेक्षा आईबाबा कुठे राहतात हे महत्त्वाचं. जादा फी त्या वर्षी सुमारे ३४ हजार डॉलर होती, तीही चारही वर्षं! शिवाय बाहेरच्यांच्या या जादा फीसाठी विद्यापीठ आर्थिक मदत देत नाही.

मावशीला फोन करून खरं सांगितलं. त्यापेक्षा व्हायवा परवडला. पलीकडे बराच वेळ कोणी बोललंच नाही. १५ मेपर्यंत निर्णय कळवायचा होता. शेवटी ती आपल्याच राज्याच्या ॲरिझोना स्टेटला गेली. माझ्यावर रागावली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, माहीत नसेल तर माहीत नाही म्हण ना."

तुमच्या कोणाला अर्ज करायचा असेल तर

१. आधी चार वर्षांचा पूर्ण खर्च काढा, मग कॅम्पसचे फोटो बघा.
२. रहिवासाचा नियम त्या विद्यापीठाच्याच कागदावर वाचा, प्रत्येक राज्याचा वेगळा असतो.
३. सवलतीचे करार शोधा. पश्चिमेकडच्या राज्यांच्या एका करारात बाहेरच्याला स्थानिक फीच्या जास्तीत जास्त दीडपट भरावी लागते. मात्र सगळी विद्यापीठं आणि सगळे कोर्स त्यात नसतात.
४. स्वतःच्या राज्यातला एक अर्ज मनापासून भरा. तो 'बॅकअप' म्हणून उरकू नका.

आणि पाचवा मुद्दा माझ्यासारख्या सल्लागारांसाठी. हॉस्टेलमध्ये आपण सगळेच ज्युनियर्सना ब्रँच, कॉलेज, जीआरई यावर बिनधास्त सल्ले देतो. समोरचा त्यावर घरचा हिशोब मांडतो, हे आपल्या लक्षातच येत नाही. सल्ला फुकट असतो, पण चुकला तर त्याची फी दुसऱ्यालाच भरावी लागते.