कोलेस्टेरॉलची पहिली तपासणी विशीत का?

कोलेस्टेरॉल हा आई-वडिलांच्या वयाचा आजार, असा कॉलेजमधल्या मुलामुलींचा सर्वसाधारण समज असतो. त्यांना माहिती नसते असं नाही. एलडीएल वाईट, एचडीएल चांगलं, तळलेलं कमी खावं, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. माहीत नसतो तो स्वतःचा आकडा. तो चाळिशीनंतर बघू, असं म्हणणाऱ्यांना मला सांगायचं आहे की धमन्यांच्या दृष्टीने चाळिशी म्हणजे उशीर. सिगारेटचा धोका ठरवताना रोज किती आणि किती वर्षं, असे दोन्ही प्रश्न आम्ही विचारतो. एलडीएलचा हिशेबही तसाच आहे. किती आहे याइतकंच किती वर्षं आहे याला महत्त्व आहे, आणि ही वर्षं विद्यार्थिदशेतच मोजली जाऊ लागलेली असतात.

याचा पुरावा विद्यार्थ्यांकडूनच मिळाला आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या १,०१७ तरुणांचं कोलेस्टेरॉल मोजलं गेलं, तेव्हा त्यांचं सरासरी वय २२ होतं. पुढे २७ ते ४२ वर्षं त्यांच्या प्रकृतीची नोंद ठेवण्यात आली. १९९३मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, विशीतलं कोलेस्टेरॉल ३६ मिलिग्रॅमनी जास्त असेल, तर पुढे हृदयधमनीविकाराचा धोका जवळपास दुप्पट होता. जास्त कोलेस्टेरॉल असणाऱ्यांच्या इतर सवयीच वाईट असतील, अशी शंका इथे घेता येते. तिचं उत्तर जनुकांनी दिलं. अमेरिकेतल्या काही कृष्णवर्णीयांमध्ये पीसीएसके९ या जनुकातल्या बदलामुळे जन्मापासूनच एलडीएल सुमारे २८ टक्के कमी असतं. त्यांच्यात हृदयधमनीविकाराचा धोका ८८ टक्के कमी आढळला. उतारवयात औषधांनी एलडीएल तेवढंच खाली आणलं तरी इतका फायदा होत नाही. फरक पडतो तो वर्षांमुळे.

‘मी तर सडपातळ आहे’ हा यावरचा नेहमीचा आक्षेप. पण यकृत किती एलडीएल रक्तातून काढून घेतं, हे बरंचसं अनुवंशिकतेवर ठरतं. वजनकाट्यावर ते दिसत नाही. फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया हा अनुवंशिक दोष साधारण २५० माणसांत एकाला असतो. आई किंवा वडिलांना तो असेल, तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. दुसरा आक्षेप शाकाहाराचा. वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल नसतंच, त्यामुळे डब्यावरची ‘कोलेस्टेरॉल फ्री’ ही जाहिरात खरी असूनही निरर्थक आहे. एलडीएल वाढवतात ती संपृक्त आणि ट्रान्स मेदाम्लं. आणि वनस्पती तुपातली खारी, पामतेलातलं फरसाण, पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलातला वडा हे सगळं शाकाहारीच असतं. ‘मला काही त्रास नाही’ हा तिसरा आक्षेप तर सर्वांत फसवा, कारण वाढलेलं कोलेस्टेरॉल दुखत नाही की खुपत नाही.

चौथ्या आक्षेपात मात्र तथ्य आहे. तरुणांना तपासण्यांच्या मागे लावलं, तर लॅबचा धंदा वाढेल आणि निरोगी मुलं उगाच धास्तावतील, असं काही जण म्हणतात. दर सहा महिन्यांनी पॅकेज घेऊन तपासण्या करणं निरर्थकच आहे, आणि मी ते सुचवत नाही. पण कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने २०२४च्या मार्गदर्शक सूचनांत पहिली लिपिड प्रोफाइल १८व्या वर्षी करावी, असं म्हटलं आहे. भारतीयांना हृदयविकार पाश्चात्त्यांपेक्षा सुमारे दहा वर्षं आधी गाठतो, हे लक्षात घेता ही सूचना रास्त आहे. तपासणी केली म्हणजे गोळी सुरू झाली, असंही नाही. विशीतल्या बहुतेकांना आहार, व्यायाम आणि तंबाखूपासून लांब राहणं एवढंच पुरतं. औषधाचा विचार होतो तो मुख्यतः एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त असेल तेव्हा, आणि तोही डॉक्टरांनी करायचा. इंटरनेटवर वाचून कोणी गोळ्या सुरू करू नयेत.

तेव्हा विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, दोन गोष्टी करा. वडील, काका, मामा यांच्यापैकी कोणाला पंचावन्नच्या आत, किंवा आई, मावशी, आत्या यांच्यापैकी कोणाला पासष्टच्या आत हृदयविकार झाला होता का, हे घरी विचारा. आणि या वर्षी एकदा लिपिड प्रोफाइल करून घ्या. पहिल्या तपासणीसाठी उपाशीपोटी जाण्याचीही सहसा गरज नसते. एलडीएल १००च्या खाली असेल तर उत्तम. जास्त असेल, तर अहवाल फाइलमध्ये न ठेवता डॉक्टरांना दाखवा. पुढची तीस वर्षं हाताशी असताना केलेला छोटा बदलही मोठं काम करतो.