वडीलधाऱ्यांचा फोटो आणि घरगुती प्रकाशयोजना

आपल्यापैकी पुष्कळ घरांत वडील माणसांचा स्वतंत्र असा चांगला फोटो नसतो. माणूस गेल्यावर धावाधाव होते, आणि कुणाच्या तरी लग्नाच्या ग्रुपमधला चेहरा कापून, मोठा करून भिंतीवर लावला जातो. शेजारच्याचा खांदा त्यात तसाच राहतो. आज नातवंडांच्या खिशात उत्तम कॅमेऱ्याचे मोबाईल आहेत. उणीव असते ती प्रकाशाची, आणि ती भरून काढण्यास महाग सामान लागत नाही.

प्रथम एक नियम ध्यानात घ्यावा. चेहऱ्याच्या जागेवरून पाहता प्रकाश देणारी वस्तू जितकी मोठी दिसेल, तितका प्रकाश मऊ आणि सावलीची कड पुसट. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर. परंतु तो १५ कोटी किलोमीटर दूर असल्यामुळे आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो. म्हणूनच येथल्या भर दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात आणि प्रत्येक सुरकुती कोरल्यासारखी दिसते. उलट एक मीटर रुंदीची खिडकी एक मीटरवरून सुमारे ५३ अंशांची, म्हणजे सूर्याच्या शंभरपट रुंद दिसते. मोबाईलचा फ्लॅश तर मसुराच्या दाण्याएवढा. तो बंदच ठेवावा.

तेव्हा त्रीस पूर्ण वर करून आजींना खिडकीजवळ, किंचित तिरपे बसवावे. खिडकीतून ऊन थेट आत येत असेल तर तिच्यावर पांढरी सुती चादर ताणून बांधावी. मग चादरच प्रकाश देऊ लागते. रंगीत पडदा मात्र नको, त्याचा रंग गालावर उतरतो. खोलीतले दिवेही मालवावेत, नाहीतर अर्धा चेहरा पिवळा आणि अर्धा निळसर येतो.

खिडकीच्या विरुद्ध बाजूचा गाल अंधारात राहतो. तिकडे थर्माकोलचा, म्हणजे येथे ज्याला कलकर म्हणतात त्याचा, पांढरा तक्ता उभा धरावा. जवळ आणला की सावली उजळते, मागे नेला की गडद होते. माझ्या मते सावली थोडी राहू द्यावी. सुरकुत्या पार पुसून टाकल्या तर आजी आजी राहत नाहीत. मोटारीच्या काचेआड लावतात तो चकचकीत पडदाही चालतो, पण त्याचा झोत तीव्र असतो. तो उन्हात धरून वृद्ध माणसाच्या डोळ्यांवर मारू नये.

रात्री काम करायचे असेल तर एलईडी दिव्याचे तोंड पांढऱ्या भिंतीकडे फिरवावे. उजळलेली भिंत हीच आपली खिडकी. भिंत रंगीत असल्यास मोठ्या खोक्याचा तळ कापून काढावा, आतून पांढरा कागद चिकटवावा आणि पुढच्या तोंडावर केक भाजताना वापरतात तो बेकिंग पेपर ताणून लावावा. तो पांढरा घ्यावा, तपकिरी नको. दिवा मागच्या बाजूने, कागदापासून दूर ठेवावा. पुष्कळजण तो कागदाला टेकवतात. मग कागदाचा मधलाच ठिपका उजळतो आणि सगळी मेहनत वाया जाते. कागद कडेपर्यंत सारखा उजळला पाहिजे. जुना हॅलोजन दिवा यासाठी कधीही घेऊ नये, कागद पेट घेईल.

हे खोके चेहऱ्याच्या जवळ, फोटोत दिसणार नाही इतपत आणावे. अंतर दुप्पट झाले की लहान दिव्याचा उजेड चौथाई होतो. खोक्याच्या बाबतीतही साधारण हाच हिशेब. शिवाय दूर नेलेले खोके चेहऱ्याला लहान दिसू लागते आणि सावली पुन्हा कडक होते.

चष्म्याची तक्रार नेहमीची. रोज चष्मा लावणाऱ्याला तो काढायला सांगू नये, चेहरा परका दिसतो. प्रकाश थोडा उंच करावा, किंवा चष्म्याच्या दांड्या कानांवर किंचित उचलाव्यात, म्हणजे काचा खाली झुकतात आणि चमक कॅमेऱ्यात येत नाही. सावळा वर्ण आणि पांढरी साडी असली की मोबाईल साडीकडे पाहून चेहरा काळवंडवतो. पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवले की तो उजेड चेहऱ्याप्रमाणे धरतो.

शब्बाथला सगळे जमतात, पण तेव्हा फोटो काढायचे नाहीत. म्हणून शुक्रवारी दुपारी, आंघोळ होऊन स्वच्छ कपडे घातलेले असताना, दिवे लावण्याच्या पुष्कळ आधी बसवावे. हिवाळ्यात ही वेळ लवकर टळते. "हसा" म्हणू नये. "आजी, तुमचं कोकणातलं घर कसं होतं?" असे मराठीत विचारावे आणि त्या बोलत असताना दहा-बारा फोटो घ्यावेत. त्यांतला एक कागदावर छापून घ्यावा व मागे मऊ पेन्सिलीने नाव, गाव आणि वर्ष लिहावे. बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.