नावावरून खूण

ठाणे जिल्ह्यात, मिरा-भाईंदरच्या हद्दीत, वसईच्या खाडीकाठी वरसावे नावाचे गाव आहे. मुंबईहून अहमदाबादेस जाणारा हमरस्ता येथेच खाडी ओलांडतो. ह्या पुलास लोक वर्सोवा पूल म्हणतात. पण अंधेरीच्या पश्चिमेस समुद्रकाठी कोळ्यांचे वेसावे आहे, त्यासही वर्सोवाच म्हणतात. २०१४ साली सुरू झालेल्या मेट्रोचे एक स्थानकही ह्याच नावाचे. ‘वर्सोव्यास न्या’ असे नवख्या प्रवाशाने सांगितले, तर वाहनचालक ‘कोणत्या?’ असे विचारील. संगणक मात्र लिहून दिले तेवढेच जाणतो.

संगणकास प्रत्येक नावासाठी ठरावीक लांबीची खूण सोयीची पडते. ती क्रमाने द्यावी, तर कोणता क्रमांक कोणास दिला ह्याची वही ठेवावी लागते. नावावरूनच खूण काढली, तर वही नको. ठाण्यात काढा की नागपुरात, खूण तीच येते.

ती कशी काढतात? र म्हणजे १, म म्हणजे २ आणि काना म्हणजे ३ असे माना. ‘रमा’ची बेरीज ६, पण ‘मार’चीही ६च! आता पहिल्या चिन्हाच्या अंकास १ने, दुसऱ्याच्या २ने, तिसऱ्याच्या ३ने गुणा. ‘रमा’चे १४ होतात, ‘मार’चे ११. संगणकाची रीत ह्याहून फारच गुंतागुंतीची असते. लिनक्स प्रणालीच्या साध्या पडद्यावर ‘एसएचए२५६सम’ ही आज्ञा टंकून नाव पुरवले, की क्षणात ६४ चिन्हांची खूण उमटते. नाव दोन अक्षरी असो वा वीस अक्षरी, चिन्हे ६४च. नावानंतर नकळत ओळ बदलण्याची कळ दाबली गेली, तर तीही नावातच धरली जाते आणि खूण पार पालटते!

खुणेवरून नावाकडे परतण्याची वाट नाही. मात्र गावांची यादी हाती असलेला मनुष्य एकेका गावाची खूण काढून ताडून पाहू शकतो; तेव्हा अशा खुणेस कुलूप समजणे भोळेपणाचे होय.

दोन्ही वर्सोव्यांची खूण अर्थातच एक येते. ह्यावर तोड म्हणून २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका नियमावलीत, नावाआधी ते कोणत्या गटातले हे सांगणारी खूण जोडण्याची रीत दिली आहे. ठाण्याची जोडली, तर एक वर्सोवा. मुंबई उपनगराची जोडली, तर दुसरा. पण एका कागदावर ‘वरसावे’ आणि दुसऱ्यावर ‘वर्सावे’ असे लिहिले गेले, तर एकाच गावाच्या दोन खुणा होतात, आणि ती चूक संगणकास दिसत नाही.