समुद्रकाठच्या शहरी जाताना : उन्हाळी प्रवासाची आरोग्यदायी बांधाबांध

परीक्षा संपतात, शाळांना सुटी लागते आणि घरोघरी प्रवासाचे बेत ठरू लागतात. नागपूर, वर्धा, चंद्रपूर यांसारख्या तापणाऱ्या शहरांतील कुटुंबांना या दिवसांत समुद्रकाठाची ओढ वाटते. पूर्व किनाऱ्यावरील विशाखापट्टणम हे अशाच आवडत्या शहरांपैकी एक. एप्रिल महिन्यात विदर्भात पारा ४० अंशांपलीकडे जात असताना तेथे तो बहुधा ३२ ते ३५ अंशांच्या आसपास राहतो. शिवाय समुद्रावरून वारा येत असतो. त्यामुळे ‘आम्ही नागपूरच्या उन्हात वाढलेली माणसे, तिकडच्या सौम्य हवेची काय भीती?’ असे अनेकांना वाटते. हा विचार स्वाभाविक आहे. परंतु तोच घरातील वृद्ध, लहान मूल किंवा दीर्घकालीन आजाराचा रुग्ण यांना संकटात टाकू शकतो. किनाऱ्यावरची हवा कशी वेगळी असते आणि तिच्यासाठी पिशवीत काय असावे, हे या पत्रकात विशाखापट्टणमच्या उदाहरणावरून सांगितले आहे. भारताच्या इतर किनारी शहरांनाही यातील बहुतेक सूचना लागू पडतात.

पारा कमी, तरी शरीरावर ताण का?

विदर्भात घरोघरी कूलर असतो. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी पडते, कोरडी हवा ते शोषून घेते आणि खोली गार होते. हाच कूलर समुद्रकाठी नेऊन लावला, तर खोली गार होत नाही, उलट दमट होते. तेथील हवेत आधीच भरपूर बाष्प असल्याने तिला आणखी पाणी शोषून घेता येत नाही.

मनुष्याचे शरीरही याच तत्त्वावर स्वतःला थंड ठेवते. त्वचेवरील घामाचे बाष्प होताना शरीरातील उष्णता बाहेर पडते. एक लीटर घामाचे पूर्ण बाष्पीभवन झाल्यास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. मात्र घाम वाळला तरच हा लाभ मिळतो. जो घाम ओघळून कपड्यांत मुरतो, तो शरीरातील पाणी व मीठ घेऊन जातो, पण गारवा देत नाही. ३२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असलेली हवा शरीराला सुमारे ४० अंशांसारखी भासते, ती यामुळेच.

भारतीय हवामान विभागाचे निकषही हा भेद मानतात. उष्णतेच्या लाटेचा विचार करताना मैदानी प्रदेशासाठी कमाल तापमानाची मर्यादा ४० अंश, तर किनारी प्रदेशासाठी ३७ अंश धरली जाते. कोरड्या उन्हाची सवय काही अंशी उपयोगी पडते. तथापि दमट उष्णतेशी जुळवून घेण्यास शरीराला साधारणतः एक ते दोन आठवडे लागतात. चार-पाच दिवसांच्या सहलीत तेवढा अवधी मिळत नाही.

औषधांची पिशवी सर्वप्रथम भरावी

कपडे विसरले तर ते कोठेही मिळतात. रोजचे औषध विसरले, तर परक्या गावी तेच औषध त्याच मात्रेत मिळेपर्यंत एक-दोन दिवस जाऊ शकतात. म्हणून बांधाबांधीचा आरंभ औषधांपासून करावा.

मुक्कामाच्या दिवसांना पुरतील एवढी आणि त्याहून तीन दिवस अधिक औषधे घ्यावीत. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवाव्यात. सुट्या करून डबीत भरल्यास नाव व मुदत कळत नाही आणि दमट हवेत त्या खराब होण्याची शक्यता वाढते. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत व तिचे भ्रमणध्वनीवर काढलेले छायाचित्र, दोन्ही जवळ असावीत. ही पिशवी सामानात न ठेवता हाताशी ठेवावी. उन्हात उभ्या असलेल्या मोटारीत औषधे कधीही ठेवू नयेत.

रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे लघवीवाटे पाणी अधिक जाते. अशा गोळ्या घेणाऱ्यांनी, तसेच हृदय व मूत्रपिंडाच्या रुग्णांनी प्रवासापूर्वी आपल्या डॉक्टरांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : दिवसाला किती पाणी घ्यावे, आणि ओआरएस घेतलेले चालेल का? कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. वापरात असलेली कुपी किंवा पेन थंड जागी, उन्हापासून दूर ठेवावे. प्रवासात उष्णतारोधक पिशवी वापरावी. बर्फाचा थेट स्पर्श होऊ देऊ नये, कारण गोठलेले इन्सुलिन निरुपयोगी ठरते. कुपीभोवती ओले फडके गुंडाळण्याची घरगुती युक्ती कोरड्या हवेत काही प्रमाणात साधते. किनाऱ्यावर मात्र कूलरप्रमाणे तीही फसते. तेथे पोहोचताच निवासस्थानी शीतकपाटाची सोय मागून घ्यावी. रक्तातील साखर अचानक उतरल्यास उपयोगी पडावी म्हणून साखर किंवा ग्लुकोजही जवळ ठेवावे.

वाट तापलेलीच असते

नागपूरहून बल्लारशाह, वरंगळ, विजयवाडा या मार्गाने जाणारी रेल्वे समुद्र दिसण्यापूर्वी देशातील अत्यंत तापणाऱ्या पट्ट्यातून जाते. त्यामुळे शरीरातील पाणी कमी होण्यास प्रवासातच सुरुवात होते आणि किनाऱ्यावर पाऊल ठेवताना माणूस आधीच थकलेला असतो. लघवीला जावे लागू नये म्हणून अनेक स्त्रिया व वृद्ध प्रवासात पाणी टाळतात. ही सवय धोक्याची आहे.

प्रत्येकाची स्वतंत्र पाण्याची बाटली असावी. तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. लघवीचा रंग फिकट पिवळा असेल तर पाणी पुरेसे आहे असे समजावे. गडद झाल्यास ते वाढवावे. ज्यांना डॉक्टरांनी पाण्याची मर्यादा घालून दिली आहे, त्यांनी ती पाळावी.

ओआरएसची किमान चार पाकिटे बरोबर घ्यावीत. एक मोठे पाकीट एक लीटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवावे आणि ते पाणी २४ तासांच्या आत संपवावे. अर्धे पाकीट पेलाभर पाण्यात घालण्याची चूक करू नये. बाजारातील गोड पेये म्हणजे ओआरएस नव्हे. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख पाहून घ्यावा. पाकीट हाताशी नसेल, तर एक लीटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून द्रावण करता येते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला तहान भागविण्यासाठी वरचे पाणी देऊ नये. आईचे दूध वारंवार पाजावे.

शिदोरीत दशम्या, चिवडा, लाडू, भाजलेले दाणे असे कोरडे पदार्थ असावेत. दहीभात, ओल्या नारळाची चटणी, शिजवलेली भाजी उष्ण डब्यात काही तासांतच नासते. मुक्कामी मासे खावयाचे असल्यास ते ताजे, पूर्ण शिजलेले व गरम असतील तेथेच खावेत.

कपडे : उन्हाइतकाच घामाचाही विचार

सैल, सुती आणि फिकट रंगाचे कपडे उन्हाळ्यात सर्वत्रच उत्तम. किनाऱ्यासाठी त्यात एक भर घालावी. नागपुरात दुपारी धुतलेला सदरा तासा-दोन तासांत वाळतो. समुद्रकाठी तोच सकाळपर्यंत दमट राहू शकतो. म्हणून आतील कपडे व पायमोजे प्रत्येक दिवसासाठी निदान दोन जोड घ्यावेत. दोरी व चिमटे बरोबर असावेत. ओलसर कपडे पिशवीत कोंबू नयेत आणि अंगावरही चढवू नयेत.

यामागे केवळ सोयीचा विचार नाही. जांघा, काखा, स्तनांखालील घडी, बोटांच्या बेचक्या येथे घाम साचून राहिला की घामोळे व गजकर्ण होते. गजकर्णावर घरात पडलेले किंवा दुकानदाराने दिलेले स्टेरॉइडमिश्रित मलम लावल्यास खाज काही दिवस थांबते, पण बुरशी पसरत जाते आणि पुढे उपचार कठीण होतात. असे मलम पिशवीत नसावे. दिवसातून दोनदा स्नान, अंग नीट कोरडे करणे आणि घरातील प्रत्येकाचा स्वतंत्र पंचा, हा साधा नेम पुरेसा ठरतो.

रुंद काठाची टोपी, छत्री, अतिनील किरणांना अडविणारा चष्मा आणि एसपीएफ ३० किंवा अधिक असलेले उन्हापासून रक्षण करणारे मलम जवळ ठेवावे. हे मलम दर दोन तासांनी व पाण्यातून बाहेर आल्यावर पुन्हा लावावे लागते. सहा महिन्यांच्या आतील बाळांना ते न लावता सावलीत ठेवणे श्रेयस्कर. आजीच्या काळातला विंझणाही पिशवीत असू द्यावा. दमट हवेत घाम वाळविण्याचे काम हलता वाराच करतो.

एकाच सहलीत समुद्रही, डोंगरही

विशाखापट्टणमला जाणारे बहुतेक प्रवासी अराकू खोऱ्यासही जातात. पूर्व घाटातील हा भाग समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथील रात्री शहरापेक्षा गार असतात. वृद्ध व मुले यांच्यासाठी एकेक पातळ लोकरी कपडा पुरतो. वाटेवरील बोर्रा गुहांत पुष्कळ पायऱ्या आणि ओलावा आहे, म्हणून न घसरणारी पादत्राणे घालावीत. या डोंगरी भागात हिवतापाचा प्रादुर्भाव आढळतो. पूर्ण बाह्यांचे कपडे, डास पळविणारे मलम आणि मच्छरदाणी यांचा वापर करावा. परतल्यानंतर काही आठवड्यांत थंडी वाजून ताप आल्यास रक्ततपासणी करून घ्यावी आणि ‘आम्ही अराकूस गेलो होतो’ हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

समुद्रकाठी सकाळी नऊपूर्वी किंवा सायंकाळी जावे. दुपारी १२ ते ३ या वेळात उन्हात जाणे टाळावे. या किनाऱ्यावरील पाण्याचे प्रवाह जोरदार आहेत. रामकृष्ण बीचसारख्या गजबजलेल्या ठिकाणीही सूचनाफलकांनी मनाई केलेल्या जागी पाण्यात उतरू नये आणि मुलांचा हात सोडू नये. ढग गडगडू लागल्यास वाळू सोडून पक्क्या इमारतीत जावे. विजा चमकत असताना छत्री उघडून उघड्यावर उभे राहू नये.

ही लक्षणे दिसताच थांबावे

डोके दुखणे, चक्कर, मळमळ, स्नायूंत गोळे येणे, अतिशय थकवा ही उष्णतेच्या त्रासाची प्रारंभीची चिन्हे होत. अशा व्यक्तीस सावलीत बसवावे, कपडे सैल करावेत, वारा घालावा आणि शुद्धीवर असल्यास घोट घोट पाणी किंवा ओआरएस द्यावे.

व्यक्ती असंबद्ध बोलू लागली, ओळखेनाशी झाली, तिला झटके आले, ती बेशुद्ध पडली किंवा अंगाचा ताप ४० अंश सेल्सिअस (१०४ अंश फॅरनहाइट) वा अधिक झाला, तर तो उष्माघात समजावा. घाम थांबून त्वचा कोरडी पडण्याची वाट पाहू नये. दमट हवेत अंग घामाने भिजलेले असतानाही उष्माघात असू शकतो. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. ती येईपर्यंत अंगावर थंड पाणी ओतत राहावे, जोराने वारा घालावा, मान, काखा व जांघा येथे बर्फाच्या पिशव्या ठेवाव्यात. शुद्ध हरपलेल्या व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. ती देण्यात वेळ दवडू नये.

निघण्यापूर्वी

दाराला कुलूप लावण्याआधी पुढील यादी एकदा मोठ्याने वाचावी :

• रोजची औषधे, तीन दिवसांचा जादा साठा, चिठ्ठीची प्रत
• ओआरएसची पाकिटे, तापमापक, जखमेसाठी पट्ट्या व जंतुनाशक
• प्रत्येकाची पाण्याची बाटली, टोपी, छत्री, विंझणा
• आतील कपड्यांचे पुरेसे जोड, पंचे, दोरी व चिमटे
• डास पळविणारे मलम, न घसरणारी पादत्राणे, एक पातळ लोकरी कपडा
• आयुष्मान कार्ड असल्यास ते. देशभरातील संलग्न रुग्णालयांत ते चालते
• प्रत्येकाच्या खिशात एक कागद : नाव, वय, रक्तगट, आजार, चालू औषधे, कोणत्या औषधाचे वावडे आहे, घरच्यांचा दूरध्वनी क्रमांक

हा शेवटचा कागद इंग्रजीत व ठळक अक्षरांत लिहावा. परक्या भाषेच्या प्रदेशात घाबरलेल्या माणसाला शब्द सुचत नाहीत. कागद त्याच्या वतीने बोलतो. तेलुगूतील तीन शब्दही ध्यानात ठेवावेत : ‘नीळ्ळु’ म्हणजे पाणी, ‘मंदु’ म्हणजे औषध आणि ‘आसुपत्रि’ म्हणजे रुग्णालय.

आपत्कालीन क्रमांक : रुग्णवाहिका १०८, सर्व प्रकारच्या तातडीच्या मदतीसाठी ११२, रेल्वे प्रवासात १३९.

पोहोचल्यानंतरचा पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा. समुद्र दुसऱ्या दिवशीही तेथेच असतो. घरातील सर्वांत वयस्कर आणि सर्वांत लहान व्यक्तीला जे झेपेल, तोच सर्वांचा वेग ठरवावा. म्हणजे गेलेले सर्वजण सुखरूप व आनंदाने घरी परततील.