महाप्राण जोगेंद्रनाथ मंडल : जीवन, कार्य आणि एक धडा

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर संविधान सभेवर प्रथम बंगाल प्रांतातून निवडून गेले, हे आपण ऐकलेले असते. पण बंगालमधूनच का, आणि तेथे त्यांच्या पाठीशी कोण उभे राहिले, असे विचारल्यास पुष्कळांना उत्तर देता येत नाही. ते उत्तर म्हणजे जोगेंद्रनाथ मंडल. त्यांनी जे साधले आणि त्यांचे जे फसले, त्या दोन्हींचा विद्यार्थ्यांनी अभ्यास केला पाहिजे.

जोगेंद्रनाथांचा जन्म २९ जानेवारी १९०४ रोजी पूर्व बंगालमधील बरिसाल भागात एका नामशूद्र कुटुंबात झाला. कायद्याचे शिक्षण घेऊन ते वकील झाले. १९३५ च्या कायद्यानुसार १९३७ मध्ये प्रांतिक निवडणुका झाल्या. पुणे कराराप्रमाणे बंगाल विधानसभेत अस्पृश्यांसाठी ३० जागा राखीव होत्या. जोगेंद्रनाथ मात्र सर्वसाधारण जागेवर अपक्ष म्हणून उभे राहिले आणि काँग्रेसच्या उमेदवाराला हरवून निवडून आले. १९४३ मध्ये ते नाझिमुद्दीन मंत्रिमंडळात मंत्री झाले. बंगालमध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन उभे करण्याचे कामही त्यांनीच केले.

१९४६ च्या निवडणुकीत फेडरेशनचा सर्वत्र पराभव झाला. संविधान सभेचे सदस्य प्रांतिक विधानसभांच्या आमदारांनी निवडायचे होते. मुंबई प्रांतात बाबासाहेबांना निवडून देण्याइतके बळ आपल्या पक्षाकडे उरले नव्हते. बंगाल विधानसभेतही फेडरेशनचे म्हणून एकटे जोगेंद्रनाथच निवडून आले होते. तरीही त्यांनी इतर दलित आमदारांना भेटून मते जमवली आणि जुलै १९४६ मध्ये बाबासाहेब बंगालमधून निवडून आले. पुढे फाळणीमुळे ती जागा गेली व १९४७ मध्ये बाबासाहेब मुंबईतून पुन्हा निवडले गेले. परंतु पहिले दार बंगालने उघडले होते, हे विसरता येत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. पूर्व बंगालात नामशूद्र आणि मुसलमान हे दोघेही बहुतांशी कष्टकरी शेतकरी होते. जमीनदार व सावकार मुख्यतः उच्चवर्णीय हिंदू होते. म्हणून या दोघांचे हित एक आहे, असे जोगेंद्रनाथांचे मत होते. त्यांनी मुस्लिम लीगची साथ केली. ऑक्टोबर १९४६ मध्ये ते लीगतर्फे हंगामी सरकारात कायदेमंत्री झाले. १० ऑगस्ट १९४७ रोजी कराचीत पाकिस्तानच्या संविधान सभेची पहिली बैठक त्यांच्याच तात्पुरत्या अध्यक्षतेखाली भरली आणि ते त्या देशाचे पहिले कायदा व मजूर मंत्री झाले.

पण १९५० च्या आरंभी पूर्व बंगालात दंगली उसळल्या. त्यांत त्यांचे नामशूद्र बांधवही होरपळले. मंत्री असूनही ते त्यांचे रक्षण करू शकले नाहीत. ऑक्टोबर १९५० मध्ये पंतप्रधान लियाकत अली खान यांना सविस्तर पत्र लिहून त्यांनी राजीनामा दिला व ते कलकत्त्यास आले. पुढे त्यांना निवडणुकीत यश मिळाले नाही. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, त्यांना केवळ दोष देऊन मोकळे होणे योग्य नाही. त्यांचा आर्थिक विचार खोटा नव्हता. परंतु त्यांची मदार सत्ताधाऱ्यांच्या शब्दावर होती. जिना १९४८ मध्ये वारले आणि पाकिस्तानला स्वतःचे पहिले संविधान १९५६ पर्यंत मिळाले नाही. इकडे बाबासाहेबांनी हक्क कलमांत लिहून घेतले व २६ जानेवारी १९५० पासून ते अमलात आले. पुढारी जातात, कलम राहते. मात्र ते राबवून घेण्यासाठी समाज जागा असावा लागतो.

चर्चेसाठी प्रश्न :
१) बंगालमधून निवड झाली नसती, तर बाबासाहेबांपुढे कोणते मार्ग उरले असते?
२) मंत्रिपद आणि घटनात्मक संरक्षण यांत फरक काय?
३) समान आर्थिक हित एवढ्याच पायावर दोन समाजांची राजकीय युती टिकते काय?